चक्कर निघत नाही म्हणे

३ नोव्हेंबर, रविवार

अंगणवाडीचं एक कोरं हजेरीपुस्तक घरात उरलं होतं, त्यात लिहितेय. तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांची वजनं लिहिली. आता आपलं लिहू.

माझा अतुल आज हिंजवडीजवळच्या जांब्याहून आला. एकटाच. जेवला, हात धुतले आणि टॉवेलला पुसता पुसता म्हणाला, "आई, पप्पांची गाडी मी देऊन टाकतोय."

धरणाकडे कुणाचं तरी रिसॉर्ट झालंय. त्या मालकाला जुन्या मोटरसायकली हव्यात. चालवायला नाही. दारात उभी करायची, टाकीच्या जागी कुंडी बसवायची, कुंडीत फुलझाड. लोक तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढणार.

मी म्हटलं, "मी गेल्यावर माझ्या बी डोक्यावर कुंडी ठेव."

"चिडतेस कशाला? पप्पा गेल्यापासून दोन वर्षं पडवीत गंजतीय ती. चालू तरी आहे का?"

"हुईल चालू."

"आई, प्लीज. माझ्यासमोर त्या गाडीचं नाव नको काढू."

काय घोडं मारलंय त्या गाडीनं त्याचं? लहानपणी तिच्या टाकीवर बसून सगळं मुळशी खोरं हिंडला. मोठा झाल्यावर मात्र एकदा हात लावला नाही. शिकला तोही मित्राच्या गाडीवर. पोराला हिंजवडीत नोकरी लागली, की बापाच्या वस्तूची लाज वाटते, दुसरं काय.

आमच्या भरे गावात बौद्धवस्तीतली ही पहिली मोटरसायकल. हे वायरमन होते. १९९५ साली आणली, तेव्हा चावडीवरून मुद्दाम दोनदा फिरवली. बघणाऱ्यांनी बघितलं. त्या गाडीवर कुंडी?

शेवटी अतुल म्हणाला, एक डिसेंबरला टेम्पो येईल. मी विचारलं, "तवर गाडी चालू झाली तर?"

"तर ठेव तुझ्याकडंच. पण होणार नाही."

आता तर करतेच.

६ नोव्हेंबर

पौड रस्त्यावरच्या निलेश गॅरेजवाल्याला घरी बोलावलं. चांगला पोरगा आहे, पण हात उतावळा. कार्बुरेटर धुतला, प्लग बदलला, वीसेक किका मारल्या आणि इंजिन सुरू झालं! धुरानं पडवी भरली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते धुरानंच.

इंजिन चालतंय, पण चेन गंजून तुटलेली. नवी चेन आणली तर तिला दोन दातेरी चाकं लागतात. मागचं मोठं सहज बदललं. पुढचं छोटं, इंजिनातून बाहेर आलेल्या दांड्यावर बसतं ते, त्याला स्प्रॉकेट म्हणतात, गॅरेजवाले चक्कर म्हणतात. त्याचे दात झिजून आकडे झालेत. त्यावर नवी चेन घातली तर महिन्यात जाईल. आणि ते चक्कर दांड्याला गंजून असं धरून बसलंय, की जणू एकाच लोखंडातून ओतलंय.

त्याच्यापुढे एक पातळ पट्टी, दोन बारीक बोल्टांवर. एक बोल्ट निघाला. दुसऱ्यावर निलेशनं पान्यावर पाय दिला, तर बोल्टचं डोकंच तुटून घरंगळत चुलीपर्यंत गेलं. पट्टी सुटली, बोल्टचं धड चक्करातच राहिलं. मग त्यानं मोठा स्क्रू ड्रायव्हर मागं घालून हातोडी घेतली. दोन दणक्यात इंजिनाच्या कडेचा टवका उडाला.

"बास कर," मी म्हटलं.

"मावशी, हे चक्कर निघत न्हाई. सगळं इंजिन खोलावं लागंल आनि तरीबी दांडा जायचा. सोडा नाद."

"तुज्यानं निघत न्हाई, असं म्हन."

हसला. म्हणाला, "तुमी काढा मग."

काढते.

१० नोव्हेंबर

सकाळ-संध्याकाळ गंज सोडवायचं तेल सोडतेय. पिरंगुटच्या हार्डवेअरवाल्यानं विचारलं, "कुणाला पायजे?" "मला." "न्हाई, म्हंजे काम कोन करनाराय?" "मीच करनार हाय." त्यानं बाटली दिली आणि वर शहाणपणही दिलं: मिस्तऱ्याला द्या. बाटली घेतली, शहाणपण त्याच्या काउंटरवर ठेवून आले.

तारेचा ब्रश घेऊन आधी सगळा चिखल काढला. ग्रीस, माती, कुठल्या कुठल्या सालचं भाताचं काड. जुन्या दात घासायच्या ब्रशनं दांड्याच्या खाचा साफ केल्या. दांड्याला उभ्या खाचा आहेत आणि चक्कराला आतून तसेच दात. त्या खाचांत गंज बसलाय.

शेजारची चंद्राबाई कुडाला टेकून बघत होती. "फुलाबाई, ह्या वयात ह्ये काय? लोक हसत्यात."

"हसू दे. दात तरी दिसतील लोकांचे. ह्या चक्कराला ऱ्हायलं न्हाईत."

ती गेली. मला बरं वाटलं. मग जरा वाईटही वाटलं, तिचे पुढचे दोन पडलेत.

१४ नोव्हेंबर

प्रमोद आला होता. वरच्या आळीतला, पिरंगुटच्या एका कारखान्यात फिटर आहे. माझ्या अंगणवाडीतलाच, तेव्हा खिचडीतले वाटाणे वेचून टाकायचा. आता पोट सुटलंय. वाकून, बॅटरी मारून त्यानं पाहिलं आणि पहिल्यांदा कुणीतरी "सोडा" म्हणालं नाही.

"काकू, हातोडीनं मारायचं न्हाई. मागं गियरबॉक्सचं बेरिंग हाय, त्ये फुटंल. ह्याला ओढायचं. ज्या दोन भोकांत बोल्ट व्हते, त्याच भोकांत बोल्ट घालून पुढं एक जाड पट्टी धरायची. मदला तिसरा बोल्ट दांड्यावर टेकवायचा आनि आवळत जायचा. दांडा जागेवर ऱ्हातोय, चक्कर भायेर येतंय."

"पन एका भोकात तुटका बोल्ट हाय."

"त्यो ड्रिलनं खायचा. मी उद्या ड्रिल आनतो. करून देतो."

"आन. पन करून देऊ नको. दाव नुसतं."

बॅटरी खिशात घालत म्हणाला, "काकू, हुबेहूब तशाच बोलताय. 'वाटाने खा, न्हाईतर घरी जा.'"

१७ नोव्हेंबर

बोल्ट खाल्ला! आधी मधोमध टोचा मारला, मग बारीक ड्रिल, मग त्याहून जाड. ड्रिल सरकलं तर भोक वाकडं आणि सगळं वाया. मग आठवलं, रडणाऱ्या पोराला लस देताना नर्सबाईंसाठी दंड कसा धरायचे. घट्ट, पण दाबून नाही. तसं धरलं. शेवटी प्रमोदनं आत नवे आटे पाडायचं हत्यार हातात दिलं. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. घाई केली की तेही आत तुटतं म्हणे.

पुऱ्या दोन तासांनी नवा बोल्ट भोकात गोल गोल बसत गेला. गेल्या दोन वर्षांत एवढा आनंद झाला नव्हता. असं लिहू नये, पण तसं झालं खरं.

हे असते तर म्हणाले असते, "तुला कशाला नसता उद्योग?" हे तसे रागीट, पण मनानं चांगले होते. सगळे म्हणतात.

२० नोव्हेंबर

पट्टी वाकली. प्रमोदनं आणलेली पट्टी पातळ निघाली. मधला बोल्ट आवळत गेले, आवळत गेले, मला वाटलं चक्कर हललं. हललं नव्हतं. पट्टीच धनुष्यासारखी झाली होती.

पाना फेकला. कोंबडी थोडक्यात वाचली.

निलेश जाता जाता थांबून म्हणाला, "काय मावशी, निघालं का?" त्याला म्हटलं, तुझ्या गॅरेजवर आणून दाखवीन. म्हटलं खरं. पण जेवण गेलं नाही. अतुलचं खरं असेल तर? मी एक म्हातारी बाई, पडवीत बसून लोखंडाशी भांडतेय. कशासाठी, ते मलाही नीट सांगता येत नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

सूनबाई नम्रता आली होती, तिच्या स्कूटरवर. अतुल नाही. नवी पट्टी लावलीय, बोटाएवढी जाड. प्रमोद म्हणाला, चक्कराला ऊब द्या म्हणजे ते जरा फुगतं. पण गॅसची आच नको, मागचं रबरी सील जळेल. म्हणून चुलीवर पाणी उकळायचं, फडका बुडवायचा, चक्करावर धरायचा, मग पाव फेरा आवळायचं आणि मधल्या बोल्टच्या डोक्यावर हलका ठोका. दिवसातून पाच-सहा वेळा.

नम्रतानं फडके पिळून दिले. मी ठोका मारत होते, तेव्हा म्हणाली, "आई, हलका म्हणाले ना प्रमोदभाऊ? तुम्ही कुणावर एवढा राग काढताय?"

"गंजावर," मी म्हटलं.

तिनं पुढचा फडका पिळून दिला. जाताना तिनं मला स्कूटर हातात दिली आणि मागे धरून समाजमंदिरासमोर दोन चकरा मारायला लावल्या. शाळेत असताना भावाची सायकल चोरून चालवायचे, तो तोल अजून अंगात आहे.

२५ नोव्हेंबर

कालचा तिचा प्रश्न डोक्यातून जात नाही. लिहून टाकते. हे पुस्तक कुणी वाचणार नाही.

१९९८, मे महिना, रविवार. डोंगरावरच्या कातकरवाडीतून सावळ्या धावत आला. त्याची बायको सखू, माझ्याच वयाची. तिच्या सात महिन्यांच्या मुलीला पहाटेपासून जुलाब. माझ्याकडे मीठ-साखरेच्या पावडरीची पाकिटं असायची. वाडी सात किलोमीटर, निम्मा चढ. मी ह्यांना म्हटलं, गाडीवर सोडा. हे म्हणाले, "रविवारची कसली अंगनवाडी? पोराला जत्रंला न्यायचंय." मी म्हटलं, पोर मरेल तिथं. म्हणाले, "त्यांच्यात रोज एक मरतंय."

आमच्याबद्दल असं कुणी बोललेलं त्यांना खपलं नसतं. तेच असं बोलले.

मी आणि सावळ्या चालत निघालो. पहिल्या वळणावर मागून गाडी आली. मला वाटलं, मन पालटलं. गाडी बाजूनं गेली आणि जत्रेच्या वाटेला वळली.

पोचायला दोन तास लागले. पोर गेलेलं होतं. अजून ऊब होती अंगात.

त्यानंतर एकदाच म्हटलं, मला गाडी शिकवा. म्हणाले, लोक काय म्हणतील. मी पुन्हा विचारलं नाही. वाडीवर पुढंही जात राहिले, ह्यांची मर्जी असेल तेव्हा गाडीवर, नसेल तेव्हा पायी. ह्यांच्या आजारपणात अंगणवाडी सोडली, ती वाट तुटली. सखूला दोन वर्षांत भेटले नाही.

आणि मी ह्या गाडीच्या मानासाठी भांडतेय, असं सगळ्यांना सांगत होते. स्वतःलाही.

मान गेला खड्ड्यात. मला ही गाडी पाहिजे. मला.

२९ नोव्हेंबर

हललं नाही. आज सहा वेळा पाणी. हाताला फोड.

१ डिसेंबर, रविवार

सगळं सविस्तर लिहिते.

काल संध्याकाळीच बोल्ट होईल तेवढा आवळून तसाच ताणात ठेवला होता. सकाळी उठून पाणी चुलीवर ठेवलं आणि नऊच्या सुमाराला टेम्पो आला. पुढे अतुल. टेम्पोवाला उत्तरेकडचा पोऱ्या, खाली उतरून विचारतो, "माताजी, लोड करना है?"

"रुको," मी म्हटलं. माझं हिंदी तेवढंच.

अतुल म्हणाला, "आई, एक डिसेंबर. आपलं ठरलं होतं."

"एक डिसेंबर रातीपतुर असतोय."

"त्यांना वेळ नाहीये. दे, मी मारतो एक दणका, निघालं तर निघालं." त्यानं हातोडी उचलली.

"हात लावू नको!"

एवढी मोठ्यानं ओरडले की चंद्राबाई कुडाशी आली. अतुलनं हातोडी ठेवली. चेहरा लाल. "काय आहे त्या गाडीत एवढं? पप्पांची आठवण म्हणून? त्यांची आठवण हवीय तुला?"

"न्हाई," मी म्हटलं. "त्यांची न्हाई. ह्या गाडीनं मला एकदा रस्त्यावर सोडलं व्हतं. आता ही मी चालवनार."

वाटलं, विचारेल कधी, कुठे. त्यानं विचारलं नाही. पायरीवर बसला. मग जो बोलला, तो पंधरा वर्षांपूर्वीच्या भाषेत बोलला, हिंजवडीच्या नाही.

"मी टाकीवर बसलो व्हतो, आई. वळनावर तू दिसलीस. पिशवी घेऊन चाललीवतीस. मी म्हनलं, पप्पा, आई. त्यांनी गाडी न्हाई थांबवली. मी परत म्हनलं. मग त्यांनी जत्रंत मला पिपानी घेऊन दिली. मी वाजवली. दिवसभर वाजवली. संध्याकाळी तू घरी आलीस आनि मोरीत जाऊन बसलीस. म्हनून म्हनत व्हतो, जाऊ दे ती गाडी. माझ्या नजरंसमोर नको मला."

आठ वर्षांचं पोर होतं. सव्वीस वर्षं पोटात ठेवलं त्यानं. आणि मी त्याला बापाची लाज वाटते, असं ह्याच पुस्तकात लिहून ठेवलं. ते पान फाडणार नाही. राहू दे माझ्या डोळ्यासमोर.

मी त्याच्याजवळ गेले नाही. गेले असते तर दोघंही मोडलो असतो. पाणी उकळत होतं. म्हटलं, "ऊठ. फडका पिळून दे. अन् हँडल धर, हलू देऊ नको."

उठला. हात भाजत होते तरी फडका पिळला. मी चक्करावर धरला, शंभर अंक मोजले. पाव फेरा आवळलं. पाना जाईना. पान्याच्या दांड्यावर पाइप चढवला आणि अंगाचा भार दिला. एक केसभर गेला. मग हातोडी घेतली आणि बोल्टच्या डोक्यावर ठोका मारला. राग नव्हता आता हातात. नुसता ठोका.

टक्क.

असा आवाज मी आजवर ऐकला नव्हता. सुपारी फुटावी तसा. अतुल म्हणाला, "काय मोडलं?" मी बोट लावून पाहिलं. चक्कराच्या मागं दांड्याची एक चकचकीत कड दिसत होती, नखाएवढी, तीस वर्षांत उजेड न पाहिलेली. काही मोडलं नव्हतं. आलं होतं.

मग प्रत्येक फेऱ्याला थोडं थोडं येत गेलं. शेवटी माझ्या हातात पडलं, गरम, तेलकट, मूठभर. एवढंसं! एवढ्याशासाठी महिना.

टेम्पोवाल्यानं टाळ्या वाजवल्या. चंद्राबाई कुडापलीकडून म्हणाली, "निघालं गं बया!" आणि अतुल पायरीवर बसून रडायला लागला. तेव्हा मात्र गेले जवळ. माझ्या काळ्या हातांनी त्याचा पांढरा शर्ट खराब झाला.

टेम्पो रिकामा गेला.

२ डिसेंबर

जुनं चक्कर निलेशच्या गॅरेजवर नेऊन त्याच्या बाकड्यावर ठेवलं. चार गिऱ्हाइकं बसली होती. त्यानं उलटंपालटं करून पाहिलं, आटे पाहिले. "मावशी, दांडा?"

"एक ओरखडा न्हाई."

"कसं केलं?"

सांगितलं. ऐकत होता तो, आणि त्याची गिऱ्हाइकंही.

१९ जानेवारी

नवं चक्कर आणि चेन बसून गाडी पळायला लागली. माझ्या नावावर करायची म्हणून अतुलनं कागद भरलेत. पासिंगही पुन्हा करून आणणार आहे. मला शिकाऊ लायसन मिळालं. रविवारी अतुल येतो, मागे बसतो आणि ओरडतो. "क्लच, आई, क्लच!" आज शेणाच्या ढिगात घातली. दोघंही पडलो. समाजमंदिराच्या पायरीवरचे म्हातारे हसून हसून खोकले.

१८ फेब्रुवारी

चाचणीत नापास. आठचा आकडा काढताना पाय टेकला. साहेब म्हणाले, "आजी, या वयात कशाला?" म्हटलं, पुढच्या वेळेला सांगते.

७ मार्च

पास. सांगितलं नाही काही. साहेबांनी विचारलंच नाही.

११ मार्च, मंगळवार

एकटी वाडीवर गेले.

पहिल्या वळणावर गाडी बंद पडली की मी बंद केली, माहीत नाही. थोडी थांबले तिथं. मग किक मारली. चढावर पहिल्या गियरमध्ये, घामानं हँडल निसटत होतं. शेवटचा टप्पा खडीचा, तो पाय टेकवत टेकवत चढले. अर्ध्या तासाच्या आत पोचले.

सखू अंगणात हिरडा वाळवत बसली होती. केस सगळे पांढरे झालेत. सावळ्या गेल्या पावसाळ्यात गेला, मला कळलंही नव्हतं. ती तिच्या बोलीत बोलते, मी माझ्या शब्दांत लिहिते. तिनं मला पाहिलं, गाडी पाहिली, मागे कुणी आहे का पाहिलं. "कुनासंगं आलीस?"

"एकलीच."

चहा झाला. मग मी सांगितलं. गाडी होती, पेट्रोल होतं, नवरा घरात होता. पाकिटं माझ्या पिशवीत होती. नुसतं "सोडत न्हाई" म्हणून दोन तास गेले. तेवढ्यात तुझी मुलगी गेली. वर्षानुवर्षं तुझ्या हातचं खाल्लं आणि हे सांगितलं नाही.

ती हिरडा चाळत राहिली. म्हणाली, "मला ठाव हाय. सावळ्यानं त्याच दिशी सांगितलं. गाडी तुमच्या बाजूनं गेली, त्यानं बी बघितलीवती."

"मग मला कदी बोलली न्हाईस?"

"काय बोलू? गाडीवाला आला न्हाई. तू चालत आलीस. पोरीला म्या माती दिली, तवा तू माझ्याजवळ बसलीस. दुसरं कोन व्हतं?"

इतकी वर्षं मी समजत होते, की मी उशिरा पोचले. तिच्या लेखी मी पोचले होते.

ऊन उतरायला लागलं तेव्हा निघाले. सखू उठताना पाय धरून उठली. गुडघा सुजलाय, महिना झाला. दवाखान्यात जायचंय, पण उतरायला जमत नाही. वाडीतली पोरं कामाला जातात, कुणाला सांगायचं?

मी किक मारली, मागची पायदानं खाली केली. ती घाबरत, लुगडं सावरत बसली आणि दोन्ही हातांनी माझा पदर घट्ट धरला.

"पदर सोड, कमरंला धर," मी म्हटलं. "आनि पाय आत घे. सायलेन्सर तापतोय, भाजंल."